शिळं पाणी

"मासा नाही म्हणजे नाही." इस्मतखानम आरसा कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवत होत्या. "घरातलं माणूस गेलं की पहिला नवरोज काळा असतो. आरसा-मासा ठेवून नव्या वर्षाचा सफरा मांडायचा नाही, गहू रुजवायचे नाहीत. खजूर आणि हलवा, बास. लोक बसायला येतील, त्यांच्यासमोर लाल मासा नाचवायचा का?"

"मी कुठं काय म्हटलं, खानमजान?" माहरुख म्हणाली.

"तू नाही गं. तुझी लेक सकाळपासून माझ्या अंगावरच्या चादरीला लोंबकळलीय."

पाच वर्षांची गुलनूश दारातच उभी होती. "मी सफरा नाही मागितला, आजी. मासा मागितला."

"मासा म्हणजे सफराच."

"नाही. मासा म्हणजे मासा."

एरवी नासेर यावर मोठ्याने हसला असता. आता त्याने आईकडे पाहिले, मग बायकोकडे, आणि तो अंगणात निघून गेला.

माहरुख इराणातल्या काशानच्या एका दवाखान्यात रक्त काढायचे काम करायची. लहान मुले तिच्याकडेच पाठवली जात. नवरोजच्या आसपास तिची एक युक्ती ठरलेली होती. दंडाला पट्टी बांधायची आणि विचारायचे, "तुझ्या माशाचं नाव काय?" त्या दिवसांत प्रत्येक मुलाकडे मासा असतो. नाव आठवून ते सांगेपर्यंत सुई बाहेर आलेली असायची.

कियारशलाही तिने तेच विचारले होते. सात वर्षांचा मुलगा तिच्याकडे बघत म्हणाला होता, "आई, तू हे का विचारतेस ते मला माहितीये." तरीही त्याने नाव सांगितले होते. नंतर त्याच्या रक्ताचा थेंब लावलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली तिनेच ठेवली. रक्तातला आजार नुसते पाहून कळेल इतका स्पष्ट होता. दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरली नव्हती. डाळिंबांच्या दिवसांत तो गेला.

यंदा ती मुलांना बुटांबद्दल विचारत होती.

सफरा मांडायचा नसला तरी गालिचे झटकायला हवेत, एवढे इस्मतखानमना मान्य होते. मुलांच्या खोलीतला गालिचा ओढताना माहरुखचा हात पलंगाखाली काचेला लागला. माशाचे गोल भांडे होते. त्यावर बशी झाकलेली होती आणि आत गळ्यापर्यंत पाणी.

"सांडू नको!" गुलनूश धावत आली. "ते शिळं केलंय."

"कशाला?"

"ताज्या पाण्यात मासा मरतो. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उडून जावं लागतं. एक रात्र ठेवायचं. दादानं सांगितलंय."

दादाला ते माहरुखनेच शिकवले होते. स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर बसवून, दोन पेल्यांतले पाणी हुंगायला लावून.

"पण गुलू, आपल्याकडे मासाच नाहीये."

"म्हणून तर! तो आला आणि पाणी तयार नसलं तर?"

"आणि हे कधी भरलंस?"

"काल. रोज नवीन भरते. जुनं गुलाबाला घालते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजीला सांगू नको हं."

माहरुखने बशी पुन्हा नीट झाकली आणि भांडे होते तिथे सरकवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून येताना ती बाजारातून आली. मश गुलामने नेहमीच्या कोपऱ्यावर निळ्या घमेल्यांतून मासे मांडले होते. भोवती मुलांची झुंबड होती आणि तो सगळ्यांवर ओरडत होता. "बोटं बाहेर! तुझ्या बोटाला काय चणे लागलेत का? मासा खाईल ते! ... या, ताई, या! यंदा उशीर केलात. दोन ना? दरवर्षीसारखे?"

"एक."

"एकच? आणि तुमचे चिरंजीव? गेल्या वर्षी इथं तासभर बसले होते साहेब. शेपूट तुटकी आहे म्हणाले, डोळा बारीक आहे म्हणाले. मी म्हटलं, बाबा, मासा घेतोयस की बायको करतोयस?"

घमेल्याभोवतीची बायका-माणसे हसली. काळे कपडे बाजारात निम्म्या बायकांच्या अंगावर होते. त्यावरून कुणाला काही कळण्यासारखे नव्हते.

"मोठा झाला का आता? मासा नको म्हणतो?"

"हो," माहरुख म्हणाली. "मोठा झाला."

"होतात हो. कळतही नाही." त्याने जाळी फिरवून एक मासा पिशवीत सोडला. मग पुन्हा जाळी बुडवली, बराच वेळ निवड केली आणि दुसराही सोडला. "हा त्याला माझ्याकडून. म्हणावं, शेपूट तपासून घे."

तिने तोंड उघडले. मागच्या बाईने पिशवीसाठी हात पुढे केला होता. माहरुख बाजूला झाली.

घरी गुलनूशने पिशवी न फोडता भांड्यात तरंगत ठेवली. आतले पाणी आणि बाहेरचे पाणी सारखे गार व्हायला हवे, हेही तिला ठाऊक होते. ती गुडघ्यांवर बसून बघत राहिली.

"दोन आहेत."

"मश गुलामनं एक दादासाठी दिला."

गुलनूशने विचार केला. "तू त्याला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"बरं केलंस. सांगितलं असतंस तर दिला नसता."

इस्मतखानम दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते दोघींनाही कळले नाही. त्यांच्या हातात हलव्याचे ताट होते. त्या काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांची नजर पिशवीतल्या दुसऱ्या माशावर थांबली. ताट त्यांनी फार सावकाश खाली ठेवले.

"उद्या पाहुणे येतील," त्या म्हणाल्या. "भांडं तांदळाच्या पोत्यामागं ठेवा."

नवे वर्ष सूर्याच्या गणिताने ठरलेल्या क्षणी लागते, आणि यंदा तो क्षण दुपारी येणार होता. बैठकीच्या खोलीत काळ्या कपड्यांतली माणसे भिंतीला टेकून बसली होती. दूरचित्रवाणीचा आवाज नासेरने अगदी बारीक केला होता. त्यावर नव्या वर्षाच्या तोफेचा आवाज झाला तेव्हा कुणी कुणाला मिठी मारली नाही. एका म्हाताऱ्याने हात उचलून प्रार्थना सुरू केली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून किंकाळी आली. "वळला! आजी, वळला! वर्ष बदलताना मासा वळतो म्हणतात ना, तसा बरोब्बर वळला!"

प्रार्थना अर्ध्यावर थांबली. नासेरची आत्या चादर सावरत इस्मतखानमकडे वळली. ओठ न हलवता बोलायची तिची पद्धत होती. "काय गं हे? या घरात, यंदा, मासा आणलाय?"

माहरुख उठायला लागली. इस्मतखानमनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला बसवले.

"आहे मासा," त्या म्हणाल्या. "माझ्या नातवाचा आहे."

मग त्यांनी हलव्याचे ताट आत्यापुढे सरकवले. म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि प्रार्थना सुटली होती तिथून पुढे नेली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर माहरुख पेले घेऊन स्वयंपाकघरात आली. माशांचे भांडे पोत्यामागून निघून ओट्यावर आले होते. इस्मतखानम नळाखाली मोठा तांब्या भरत होत्या.

"किती वेळ ठेवायचं म्हणत होता तो?"

"सकाळपर्यंत, खानमजान."

त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलून खिडकीत ठेवला, वर बशी झाकली, आणि बुडाशी सांडलेले पाणी चादरीच्या टोकाने पुसले.

"एवढं दोघांना पुरेल ना?"