दुकान होतं तिथून एक गल्ली तळ्याकडे

एवेलिओ सेलेदोन नगरपालिकेत माहिती विभागाचा प्रमुख होता. विभागात तो एकटाच असल्यामुळे हाताखालचा माणूसही तोच, आणि त्या माणसावर त्याचा फारसा भरवसा नव्हता. तरी राजधानीहून, मानाग्वाहून, प्रशिक्षण घेऊन आल्यापासून त्याची मान जरा ताठ झाली होती. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की गावचा एकुलता एक टँकर कुठं न्यायचा यावरून हमरीतुमरी व्हायची. एवेलिओनं तोडगा काढला. तक्रारी फोनवर थेट संगणकानंच घ्यायच्या, त्यातल्या नकाशावर टिपायच्या, आणि जिथं तक्रारी जास्त तिथं टँकर पाठवायचा. आता भांडायचं कारणच उरणार नाही, असं त्यानं सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं.

नकाशावर लास लाहास वस्तीत महिनाभर एकही तक्रार उमटली नाही. एवेलिओनं तिथं हिरवा रंग भरला आणि वस्ती समाधानी असल्याचा अहवाल दिला. तिथली टँकरची फेरी कायमची दुसरीकडे वळवायचा ठराव गुरुवारच्या सभेत यायचा होता.

त्याच वस्तीत त्याची आई राहायची. बुधवारी तो जेवायला गेला, तेव्हा गाव जिला मानानं दोन्या आउक्सिलिआदोरा म्हणायचं त्या आईनं घेवड्याचा भात भरपूर वाढला, पाण्याचा पेला मात्र अर्धाच ठेवला. फोन करकरून थकले, म्हणाली.

"आई, नकाशात तुमची वस्ती हिरवी आहे. तुम्ही सगळे खूश आहात."

"हो का? मग तुझ्या नकाशाला सांग, इथं येऊन आंघोळ करून दाखव."

"पत्ता काय दिलास पण?"

"सगळे देतात तोच. आम्ही काय नवीन राहायला आलोय?"

एवेलिओनं हातातला घास ताटात ठेवला. पत्ता द्यायची गावाची पद्धत त्याला चांगली ठाऊक होती. घराला नंबर असतो, पण तो घरमालकालाही सांगता येत नाही. पत्ता मोजायचा एखाद्या खुणेपासून, आणि ती खूण पडलेली, जळालेली किंवा तोडलेली असेल तर अधिकच चांगलं. एवेलिओ स्वतःच्या घरी पाहुण्यांना बोलवायचा तेही जळालेल्या थिएटरपासून. आणि या शहाण्यानं संगणकाला नियम घालून दिला होता, की जी जागा अस्तित्वात नाही तिथून आलेली तक्रार रद्द.

कचेरीत येऊन त्यानं रद्द तक्रारींचा ढीग उघडला. जवळजवळ सगळी लास लाहास त्यात पडली होती. पहिली तक्रार: लिसांद्रो न्हाव्याचं दुकान होतं तिथून एक गल्ली तळ्याकडे. दुसरी, लिसांद्रोच्या दुकानापासून दोन गल्ल्या वर. तिसरीही तिथूनच. लिसांद्रो म्हणजे त्याचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, दुकानाच्या जागी आता मोबाइल दुरुस्त होत होते. वडिलांना आपल्याखेरीज कुणी आठवत नाही असं त्याला वाटायचं. अख्खी वस्ती रोज त्यांचं नाव घेत होती आणि आपण ते रोज पुसत होतो, हे कळून त्याला भरून आलं. लाज तर इतकी वाटली की रिकाम्या विभागातही त्यानं मान वर केली नाही.

गुरुवारी ठराव वाचायला सुरुवात होताच तो उभा राहिला. वस्ती खूश नाही, तहानलेली आहे, आणि तिला आपणच गप्प केलं, असं त्यानं सांगितलं. सभेत हशा पिकला. मानाग्वाला शिकायला गेला होता की विसरायला, असं कुणीतरी विचारलं. प्रश्न रास्त आहे, असं एवेलिओलाही वाटलं. नगराध्यक्षा दोन्या नुबिया मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ठराव मागे घेतला, टँकर तिकडे पाठवला आणि एवेलिओला बजावलं, "लोक जसं सांगतात तसं लिहून घ्या. तुम्हाला आवडेल तसं नाही."

तो कचेरीत येऊन बसला आणि संगणकात नव्या खुणा भरायला लागला. पहिली खूण लिहिली, लिसांद्रो सेलेदोन यांचं केशकर्तनालय. जागा सध्या अस्तित्वात आहे का, असं संगणकानं नेहमीप्रमाणे विचारलं.

एवेलिओनं डोळे पुसले आणि 'हो' दाबलं.