अर्बाबच्या नावाचं दुकान

इब्रीच्या जुन्या बाजारात शरीफभाईंचं किराणा दुकान होतं. चालवत ते होते, पण परवाना, भाडेपट्टा, दारावरची पाटी सगळं अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर. तिथं बऱ्याच परदेशी दुकानदारांचं असंच चाले. मालकानं नाव द्यायचं, महिन्याचा ठरलेला हिस्सा घ्यायचा, आणि बाकी नफा-तोटा ज्याचा त्याचा. शरीफभाई श्रीवर्धनहून आले तेव्हा त्यांच्या दाढीत एक पांढरा केस नव्हता. अर्बाबनं एकदा त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "तू निघशील तेव्हा दुकानाची जी किंमत येईल ती तुझी." त्या एका वाक्यावर शरीफभाईंनी म्हातारपणाची सगळी सोय लावून ठेवली होती. कंपनीत नोकरी करणाऱ्यांना निघताना काहीतरी हातात पडतं. शरीफभाईंना पेन्शन नाही, फंड नाही. जे काय होतं ते दुकान.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात म्हातारा अर्बाब गेला. शरीफभाईंनी साठी ओलांडली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि पुढच्या वर्षी बायकोला घेऊन कायमचं गावी जायचा बेत होता. परवाना आता अर्बाबच्या मुलाच्या, हमदच्या नावावर आला. हमद लहानपणी ह्याच दुकानात तांदळाच्या गोणीवर बसून बिस्किटं खायचा. हिंदी तो शरीफभाईंकडूनच शिकला. पण आता त्याची मस्कतला सरकारी नोकरी, हातात दोन फोन. बापासारखा तो रोज चहाला येत नसे.

एका सकाळी तो आला तो एका अनोळखी माणसाला घेऊन. माणूस केरळचा वाटत होता, पायांत चकचकीत बूट. त्यानं फीत काढून दरवाजा मोजला, मागची कोठी मोजली, फळ्यांचे आणि फ्रीजचे फोटो काढले. दोघं भराभर अरबीत बोलत होते. शरीफभाईंना सगळं काही कळलं नाही. एवढं मात्र दिसलं, की हमद त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता.

"काय काम होतं, हमद?"

"काही नाही, शरीफभाई. नंतर सांगतो. यल्ला, निघतो."

शेजारी गजेंद्रचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान. कणकवलीचा माणूस, तोंडानं फटकळ. तो पान्हा हातात घेऊनच बाहेर आला. "शरीफभाई, तो फोटो कित्याक काढी होतो? माका ह्या काय बरा दिसत नाय. म्हातारो होतो तोवर ठीक होता."

त्या दिवसापासून शरीफभाईंना जेवण गोड लागेना. हमदचा फोन आला नाही की वाटे, टाळतोय. आला की वाटे, चाचपतोय. एकदा त्यानं सहज विचारलं, "गावी कधी जायचं ठरलं?" तर शरीफभाई दिवसभर तेच वाक्य उलटंपालटं करत बसले. आपण सुट्टीवर गेलो की हा कुलूप बदलणार! कोर्टात उभं राहायचं कशाच्या जोरावर? अर्बाबच्या शब्दाला साक्षीदार एक अल्ला.

"अवो, सरळ विचारून टाका ना त्याला," हाफिजा म्हणाली. भाकरी थापता थापता ती नवऱ्याचं तोंड बघत होती. "तुमच्यासमोर वाढलेलं पोर ते."

"विचारलं की सावध होईल. तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं की तुम्ही रोज ताटावरून अर्धपोटी उठता."

शरीफभाईंनी विचारलं नाही. त्यांनी आपली वाट आपणच काढली. दुपारी सगळा बाजार बंद असताना ते मागच्या दारानं माल बाहेर काढू लागले. दूध पावडरीचे डबे, चहा, तेल, बासमतीच्या गोण्या, जे जे महाग ते सगळं भाड्याच्या पिकअपमध्ये भरून भाच्याकडे, सकलैनकडे. त्याचं मस्कतच्या अल खौद भागात विद्यापीठाजवळ दुकान होतं. नवा माल मागवणं त्यांनी बंद केलं. फळ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून साबणाची खोकी पुढे ओढून ठेवली. दुकान जाईल तर जाऊ दे, माल तरी आपला राहील, असा त्यांचा हिशोब.

नेहमीची गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडली. गल्लीतली मेहनाज दोनदा चहा पावडरीसाठी येऊन रिकाम्या हातानं गेली. तिसऱ्यांदा ती समोरच्या सुपरमार्केटची पिशवी घेऊन जाताना दिसली आणि तिनं मान दुसरीकडे फिरवली. शरीफभाईंना ते लागलं, पण त्यांनी हात आवरला नाही.

ऑक्टोबरमध्ये हमद पुन्हा आला. बरोबर तोच बूटवाला. आज मात्र हमद हसत होता.

"शरीफभाई, हे निझव्याचे मोठे व्यापारी. तुमचं दुकान घेतायत. चालू दुकान, बांधलेली गिऱ्हाइकं, भरलेला माल, सगळ्याची किंमत धरलीय. बाबांनी जाताना मला बजावलं होतं, शरीफचा पैसा कमी करू नकोस."

शरीफभाईंच्या हातातलं तराजूचं माप तसंच राहिलं. व्यापाऱ्यानं साबणाचं एक खोकं बाजूला सारलं. मागे मोकळी फळी. दुसरं सारलं, मागे धूळ. कोठीत डोकावून तो परत आला, फोनमधला जुना फोटो हमदच्या डोळ्यांसमोर धरला आणि अरबीत दोनच शब्द बोलला. मग गाडीत जाऊन बसला.

"माल कुठे गेला?" हमदनं विचारलं.

ऑर्डर उशिरा आली, असं काहीतरी शरीफभाईंच्या जिभेवर आलं होतं. पण ज्या पोराला बिस्किटं दिली त्याच्यासमोर ते बाहेर पडेना. "अल खौदला पाठवला," ते म्हणाले. "मला वाटलं, तू मला काढणार."

"मला विचारायचं होतंत."

"तू मला सांगायचं होतंस."

"आधी एक गिऱ्हाईक आलं होतं, ते ऐनवेळी फिरलं. म्हटलं, ह्या वेळी पक्कं झाल्याशिवाय तुम्हाला आशा लावायची नाही." त्यानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "चोरटं वागलो असेन तर माफ करा. पण तुम्ही माझ्याबद्दल असं मनात धरलंत?"

शरीफभाईंनी हातातलं माप तराजूत ठेवलं. बाहेर पिकअप मागे-पुढे करणाऱ्या कुणाचा तरी हॉर्न वाजत होता.

व्यापारी परत आला नाही. सकलैननं अर्ध्याहून जास्त माल विकून टाकला होता. उरलेला त्यानं तोंड वाकडं करत पाठवला. दुकान पुन्हा भरायला, गिऱ्हाइकं पुन्हा वळवायला दुसरा हिवाळा उजाडला. मेहनाज आली, पण पूर्वीसारखी काउंटरला टेकून बोलली नाही. शेवटी बाजारातल्याच एका बलुची माणसानं दुकान घेतलं, पहिल्यापेक्षा बरंच कमी देऊन. हमदनं त्यातलं स्वतःसाठी काही मागितलं नाही. मात्र व्यवहार होण्याआधी त्यानं करारपत्रं टाइप करून देणाऱ्या दुकानात सगळं कागदावर घेतलं आणि शरीफभाईंना म्हणाला, "नीट वाचा, मग सही करा. पुन्हा काही मनात राहायला नको." बोलला अदबीनंच. शरीफभाईंनी न वाचताच सही केली. हाफिजा घरी म्हणाली, "झालं ते झालं, खलास. गावच्या घराला रंग देण्यापुरतं आहे." शरीफभाईंनी मान हलवली आणि ताटातलं पुरं जेवले.

निघायच्या दिवशी गजेंद्रनं मिठी मारली. हमद स्वतः आला नाही, त्यानं ड्रायव्हर पाठवला. मस्कतचा रस्ता लागला तसा शरीफभाईंचा फोन वाजला. हमदचा निरोप होता. घरी सुखरूप पोहोचलात की कळवा.

हा का विचारतोय, असं शरीफभाईंच्या मनात क्षणभर येऊन गेलंच. त्यांनी हळूच हाफिजाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग त्यांनी चष्मा लावला आणि बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, "इन्शाल्ला, कळवतो बेटा."