काचेपलीकडची वीतभर फळी

अप्पांच्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण ती घरातून गेली आहे हे अप्पांच्या गळी कोणी उतरवू शकलं नव्हतं. घराच्या मागे, वरच्या मजल्याला लागून लाकडी डेक होता आणि त्याखाली दगडधोंड्यांचा उतार. अप्पा शिंपी. जन्मभर दुकान बंद करून त्या उताराच्या पायवाटेने घरी यायचे, आणि ती डेकच्या कोपऱ्यात कठड्याला रेलून वाट बघत उभी असायची. आता दुकान नव्हतं आणि तीही नव्हती. पण दिवस कलला की त्याच कोपऱ्यात लाकूड करकरायचं. एकदाच, लांबलचक, कोणीतरी अंगाचा भार टाकल्यासारखं.

"ऊन उतरलं की लाकूड आकसतं, अप्पा," मुलगा समजावायचा.

"आकसू दे की. मी कुठे नको म्हणतोय?" अप्पा म्हणायचे, आणि खुर्ची कोपऱ्याकडे वळवून बसायचे. मग हलक्या आवाजात दिवसभराच्या बातम्या. शेजाऱ्यांच्या कुत्र्यापासून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत काही सुटायचं नाही. जिवंतपणी तिने त्यांना एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतं. आता ती मधे तोंड घालत नव्हती. एकूण म्हातारपणी संसार बरा चालला होता म्हणायचं.

त्यात विघ्न आलं ते नातीच्या पायांनी. ठमी चालायला लागली. चालायला कसली, सुसाट सुटायला लागली. एका दुपारी तिने कठड्याच्या गजांमध्ये डोकं घातलं. गज आतून कुजलेला; तो निखळून खाली दगडांवर गेला. ठमी गेली नाही, कारण सूनबाईने तिला फ्रॉकला धरून मागे खेचलं. सूनबाई तिला घट्ट धरून तिथेच फळ्यांवर बसली.

मुलाने अप्पांकडे पाहिलं. कठडा बदलायचा विषय याआधी निघाला तेव्हा अप्पांनी घर डोक्यावर घेतलं होतं. या वेळी ते एवढंच म्हणाले, "काढा." पण कठडा गेला तर ती रेलणार कशाला? आणि रेलायला काही नसेल तर येणार कशाला?

म्हणून रेलिंगच्या दुकानात निवड करायला सूनबाईबरोबर अप्पा स्वतः गेले. तिथे नमुने ओळीने उभे होते. ॲल्युमिनियमचे काळे खांब, पांढरे खांब, उभे गज, आडवे पाइप, जाड, न फुटणाऱ्या टफन काचा. अप्पा एकेका नमुन्यापाशी जात, त्यावर रेलत आणि कान देऊन उभे राहत. विक्रेता थोडा वेळ बघत राहिला.

"काका, काही प्रॉब्लेम?"

"हे वाजतं का?"

"अजिबात नाही!" विक्रेत्याची कळी खुलली. "प्रत्येक जोडाला रबर आहे. ऊन असो, पाऊस असो, हूं की चूं करणार नाही. कुजणार नाही, गंजणार नाही, रंग द्यायला नको."

अप्पांचा चेहरा पडला. एवढे गुण एकाच वस्तूत असावेत याचाच त्यांना राग आला. सूनबाईला आडवे पाइप आवडले होते, पण विक्रेत्यानेच तिला थांबवलं. "लहान मूल आहे ना घरात? मग आडवं नकोच. त्याची शिडी होते. काच घ्या, पाय ठेवायला जागाच नाही." काच ठरली. अप्पांनी मनाची समजूत घातली की काचेतून निदान तिला पायवाट दिसेल.

बसवायला फिटर आला. जुना कठडा अर्ध्या दिवसात निघाला आणि डेक उघडाबोडका दिसू लागला. फिटरने खडूने खुणा केल्या. "खांब अगदी कडेला, बाहेरच्या अंगाने लावतो. तुमची जागा वाचेल."

अख्खं आयुष्य कापडात घातलेला माणूस गप्प बसतो होय! "कडेला शिवण घातली की उसवते," अप्पा म्हणाले. "आत घे. शिवणीबाहेर वीतभर माया सोड."

"काका, ही काय पँट आहे?"

"म्हणून तर सांगतोय. पँट उसवली तर माणूस नुसता लाजतो."

फिटर हसला. खाली वाकून त्याने आधाराचा वासा पाहिला. तो आतच होता. "चालेल, धरेल," म्हणाला आणि खांब वीतभर आत उभे केले. काचा चढल्या, क्लॅम्प आवळले गेले. शेवटी त्याने अप्पांना बोलावलं, "टेका, काका. सगळं अंग टाकून टेका." अप्पा टेकले. रेलिंग हललं नाही आणि वाजलंही नाही.

त्या संध्याकाळी अप्पा खुर्ची वळवून बसले. उन्हं गेली, दिवे लागले. कोपरा मुका होता. दुसऱ्या दिवशीही मुका. अप्पांना वाटलं, आपणच आपल्या हाताने तिला घराबाहेर काढलं. घास तोंडात फिरू लागला.

तिसऱ्या संध्याकाळी ठमी दुडुदुडु धावत कोपऱ्यात गेली. काचेला दोन्ही पंजे आणि नाक लावून उभी राहिली, आणि मग हात वर करून म्हणाली, "घे."

तेवढ्यात करकर ऐकू आली. तीच, लांबलचक.

अप्पा खुर्चीतून उठून कोपऱ्यात गेले. आवाज रेलिंगचा नव्हता. खालच्या फळीचा होता. तो कधीच कठड्याचा नव्हता. ती उभी राहायची त्या फळीचा होता, डेकच्या अगदी कडेच्या. आणि ती कडेची फळी आता काचेच्या पलीकडे होती, वीतभर रुंद, आणि तिच्यापुढे नुसती हवा.

आधी त्यांना आनंदच झाला, खोटं कशाला बोला. ती आली होती! मग लाज वाटली. जी बाई जन्मभर आपली वाट बघत उभी राहिली, तिला आपण वीतभर फळीवर बाहेर उभी केली. ते काचेला हात लावून पुटपुटले, "चुकलं गं माझं." काच गार होती, उन्हात तापून निघालेली असूनही.

मग रोजच तसं होऊ लागलं. सांज झाली की ठमी कोपऱ्यात, हात वर, "घे, घे." सूनबाई हसायची. "स्वतःलाच बघते वेडी. काचेत दिसतं ना." अप्पा हसत नव्हते. काचेत स्वतःला बघणारं मूल स्वतःच्या डोळ्यांत बघतं. ठमीची मान वर असायची, मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी.

एके दिवशी अप्पा चष्मा शोधायला आत गेले आणि परत आले, तर ठमी उंच झालेली. पोरीने न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल ओढत आणून काचेला लावलं होतं. पोट वरच्या पट्टीवर, दोन्ही हात पलीकडे पसरलेले, आणि पाय स्टुलावरून सुटलेले. ती खिदळत होती.

अप्पांचे गुडघे त्या क्षणी गुडघे राहिले नाहीत. त्यांनी झेप घेतली आणि पोरीला कंबरेला धरून मागे ओढलं. ती सहज आली नाही. क्षणभर, एकच क्षण, पलीकडूनही कोणीतरी तिला धरलेलं होतं, अलगद, मूल घेताना बगलेत धरतात तसं. मग ते सुटलं. ठमीने भोकाड पसरलं.

अप्पांनी तिला छातीशी आवळलं.

"अगं, तुझ्या मनात काही वाईट नाही, मला माहीत आहे," ते काचेला म्हणाले. "नातीला घ्यावंसं वाटलं असेल. तुला ती बघायलाच मिळाली नाही. पण तिला कळत नाही गं पुढे फळी नाही ते. आणि तुलाही आता कळेनासं झालंय." ते ठमीला घेऊन एक पाऊल मागे सरकले. "काच मी काढणार नाही. तू जा. माझ्यासाठी थांबली असशील तरी जा. पुन्हा येऊ नकोस."

मग फळी करकरली, अगदी थोडी, एखाद्याने तिच्यावरून पाय उचलला की करकरते तेवढीच. ठमीचं रडं एकदम थांबलं. अप्पांच्या कडेवरून ती उताराच्या पायवाटेकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिची मान वळत गेली.

आरडाओरडा ऐकून सूनबाई धावत आली. स्टूल बघून तिने ठमीला हिसकूनच घेतलं. मग तिचं अप्पांकडे लक्ष गेलं. ते फळ्यांवर बसले होते आणि लहान मुलासारखे हमसून रडत होते.

"अप्पा, कुणाशी बोलत होता?"

"तुझ्या सासूशी. जा म्हणालो तिला."

"मग?" तिने विचारलं.

"ऐकलं तिने," अप्पा म्हणाले. "आख्ख्या संसारात पहिल्यांदा माझं ऐकलं."