एका मिनिटाचं औषध

चांगुणाबाईंची दाढ तिसऱ्या खेपेलाच बरी झाली होती. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी त्यांना आणखी तीनदा बोलावलं.

बदनापुरात दवाखाना टाकून मला वर्ष झालं होतं. माणसं यायची, तोंड उघडायची, पैसे देऊन जायची. तोंडात कापूस कोंबलेल्या माणसाशी गप्पा तरी काय मारणार? मी चिपळूणची, इथं माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. दुपारचा डबा भिंतीकडे बघत संपवायचे.

चांगुणाबाई साठीच्या, शेळ्या राखणाऱ्या. रूट कॅनालच्या पहिल्या दिवशी बधिरपणा उतरेपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या. मग भाकरीचं फडकं सोडलं नि म्हणाल्या, "या माय, जेवायला." झालं. मी त्यांच्या पुढच्या खेपेची, सोमवारची वाट बघायला लागले.

दाढेच्या मुळातली पोकळी धुवायला दोन औषधं लागतात. एक जंतू मारतं. दुसरं भिंतीवरचा गाळ काढतं, पण ते एक मिनिटच ठेवायचं. गाळ संपला की ते दाताचंच कॅल्शियम खायला लागतं. दोन्ही पुन्हा पुन्हा वापरली तर दात आतून ठिसूळ होतो. परीक्षेत हे उत्तर मी घडाघडा लिहिलं होतं. आणि तरी "अजून एकदा धुवावं लागेल, मावशी," असं म्हणून दर सोमवारी खरंच धूत होते. खोटं बोलायचं तर निदान साध्या पाण्यानं धुवावं, एवढीही अक्कल मला राहिली नव्हती.

सातव्या सोमवारी त्या गालाला हात लावून आल्या. फुटाणा चावताना दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. आता काढण्यावाचून इलाज नव्हता.

मला रडूच आलं. "मावशी, दाढ कधीच बरी झाली होती. मीच उगाच बोलावत राहिले."

"म्हाईत हाय मला. दुखायचं तं दुसऱ्याच खेपेला थांबल्तं."

"मग आलात कशाला?"

"घरी अकरा माणसं हायेत, माय. मला कुठली सवड! पण तुमी रोज एकट्याच जेवता. मला बघवलं न्हाई."

इतके दिवस मी समजत होते, माझ्यासारख्याच त्याही एकट्या आहेत आणि सोबत आम्ही एकमेकींना करतोय.

दाढ काढली. कार्डावर पुढची तारीख लिहायला पेन उचललं नि खाली ठेवलं. जखमेवर कापूस दाबून धरल्यामुळं त्यांना काही खाता येत नव्हतं. तरी त्यांनी फडकं सोडलं, भाकरी माझ्यापुढं सरकवली, नि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिल्या.