नागमुत्त्याचा दोरा

सोमवारी सकाळी वळसंगच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. पार मैंदर्गीपासून टमटम भरभरून आल्या होत्या. नागमुत्त्या म्हणवणाऱ्या बुवाच्या मठातल्या उतरत्या ओट्यावर रात्रभर झोपलेली माणसं उठून बसत होती, आणि मुत्त्या एकेकाच्या सुजलेल्या पायाला काळा दोरा गुंडाळत होता. आदल्या संध्याकाळी त्याच दोऱ्यानं माप घेऊन गाठ मारलेली होती. आता तो दोरा चांगला दोन बोटं ढिला पडत होता.

"बघ यव्वा, नागीण उतरली," मुत्त्या म्हणत होता. "मागच्या जन्मी वारूळ तुडवलंस, तिनं पायात फुंकर घातली. इंजेक्शननं नागीण मरती व्हय? उलट फुगती. पट्टी बांधली की डसती."

नागिणीला कुठलं औषध सोसत नाही याची इतकी बित्तंबातमी मुत्त्याला कुणी दिली, हे कुणी विचारलं नाही. 'हर हर महादेव'च्या गजरात अक्कल कुठंतरी चपलांपाशीच राहिली होती.

गर्दीत उभ्या असलेल्या डॉक्टर शिवानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती गावच्या आरोग्य केंद्रात होती, आणि ओट्यावर बसलेली गिरिजाबाई तिची पेशंट होती. हत्तीरोगाचा ताप येऊन गेल्यापासून बाईचा उजवा पाय सुजत चाललेला. सूज अजून मऊ होती, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा. म्हणजे वेळ गेलेली नव्हती. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात अशा सुजेवर उपचार करणारे तज्ज्ञ होते. शिवानीनं त्यांच्या नावे चिठ्ठी दिली, पट्टी दिली आणि बजावलं, की तोवर रात्री पाय उशीवर ठेवून झोपा. बाई सोलापूरऐवजी मठात आली. तिच्या बोटांच्या भेगांत मुत्त्यानं शेराचा चीक आणि राख भरली होती. पाऊल लालभडक झालं होतं आणि अंगात कणकण होती.

"निंगप्पा, आईला आत्ताच्या आत्ता सोलापूरला ने," शिवानी तिच्या मुलाला म्हणाली. त्याची स्वतःची टमटम होती.

"न्हाय न्हेत. तुमी लांबूनच कागद दिला. मुत्त्यानं अव्वाचा पाय मांडीवर घेतला. आन पाय उतरला की. तुमी बी बघितलंय डोळ्यानं."

हे तिला झोंबलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. दोराही खोटा नव्हता. मग तिचं लक्ष ओट्याकडं गेलं. अजून आडवे असलेल्या सगळ्यांचे पाय चढाला होते आणि डोकी उताराला.

"असं उलटं का झोपवतात?" तिनं विचारलं.

"मुत्त्याच्या गादीकडं पाय करायचं," मठात झाडलोट करणारी बजाबाई म्हणाली. "त्याचं पाप मुत्त्या सोता घेतो. देवमाणूस हाय."

शिवानी गिरिजाबाईकडं वळली. "मी सांगितलं तसा पाय उशीवर ठेवला होता?"

गिरिजाबाई दचकलीच. "डोकं टेकायच्या उशीवर पाय? लक्षुमी असती ती. सासूनं घराभाईर काढलं असतं मला."

शिवानीनं कपाळावर हात मारून घेतला. तिचा सल्ला उशीपाशीच अडला होता. तीच गोष्ट मुत्त्या उतरत्या ओट्यावर करत होता आणि नागिणीच्या नावावर खपवत होता.

ती निंगप्पाची विनवणी करून थकली. शेवटी एक रात्र घरी झोपवायला आणि गोळ्या द्यायला तो कसाबसा कबूल झाला. शिवानीनं गिरिजाबाईच्या खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या. दोरा मुत्त्याचाच घेतला, गाठ साक्षीला बोलावलेल्या बजाबाईनं मारली. दिवसभर उभं राहून शिवानीचेही पाय भरून आले होते. तिनं आपल्याही पायाचं माप घ्यायला लावलं आणि तीही तिथंच पाय वर करून झोपली.

सकाळी दोन्ही दोरे ढिले पडले. शिवानीचा नखभर, गिरिजाबाईचा पुन्हा दोन बोटं.

"मुत्त्याची किरपा घरापत्तुर आली की," बजाबाईनं हात जोडले.

"आणि माझ्या पायावर कसली कृपा? मी तर त्याला चोर म्हणते."

जमलेले शेजारी तिचा दोरा निरखायला पुढं सरकले.

"पाणी उताराला जातं, हे शेतकऱ्याला मी काय सांगायचं?" शिवानी म्हणाली. "पाय खाली असला की त्यात पाणी साठतं, वर केला की ओसरतं. दिवसभर हिंडलात की पुन्हा साठतं. म्हणून मुत्त्या सकाळी ढिला दोरा दाखवतो आणि तुम्हाला घरी पाठवतो. त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं कधी मोजलाय?"

निंगप्पानं टमटम काढली. या खेपेला शिवानी चिठ्ठी देऊन थांबली नाही. गिरिजाबाईचं पाऊल मांडीवर घेऊन ती मागं बसली. ते हाताला चटका बसावा इतकं तापलं होतं.

भेगांतून शिरलेला जंतुसंसर्ग वर चढला होता. पाऊल वाचलं नाही. जीव वाचवायला घोट्याच्या वरून कापावं लागलं. थोडं आधी आणली असती तर पट्टी, स्वच्छता आणि व्यायामावर भागलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ते निंगप्पानं मान खाली घालून ऐकलं.

पुढच्या सोमवारी मुत्त्या गादीवरून सांगत होता, "माझ्या हातून काढून डॉक्टरकडं नेली. काय झालं? पाय गेला." आणि माना डोलत होत्या. स्वतः नासवलेला पाय त्यानं स्वतःचाच दाखला करून टाकला होता.

निंगप्पा गर्दीतून पुढं आला. त्याचा आवाज चढला नाही.

"अव्वाचा पाय डॉक्टरनं न्हाय घालवला. मुत्त्याचं ऐकून मी घालवला. डोळ्यानं बघितलं म्हनून इस्वास ठेवला. जे बघितलं ते खरं हुतं, पन ते कशानं झालं ह्ये इचारलं न्हाय. तुमी इचारा. इचारल्यानं देव रागवत न्हाय, धंदेवाला रागवतो. भाईर माझी गाडी हुबी हाय. ज्याचा पाय सुजलाय त्यानं बसावं, दवाखान्यात न्हेतो आन तपासून हुईस्तोवर थांबतो."

पाठीमागच्या रांगेतून दोन बाया उठल्या आणि लंगडत गाडीकडं निघाल्या. बाकीची सगळी गर्दी पाय पुढं करून, माप द्यायला बसून राहिली.