शिटी हरवलेल्या कुकरातली बेसिल

मी एक जुना कुकर आहे, मित्रांनो. माझी शिटी हरवली, मूठ मोडली आणि आता माझ्या पोटात वरणभाताऐवजी माती आहे. हसू नका. इंदूरच्या या घरात उषाताईंनी मला पंचवीस वर्षं गॅसवर चढवलं. त्या गेल्यावर मला भंगारात द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांचे यजमान नाना आडवे आले. त्यांची उभी हयात पोलोग्राउंडच्या कारखान्यात गेलेली. त्यांनी माझ्या बुडाला चार भोकं पाडली आणि सुनेला, निशिगंधाला, म्हणाले, "ले बेटा, लाव यात काहीतरी."

तिने बेसिल लावली. पानांचा वास घेऊन नाना म्हणाले, "अरे, ही तर तुळसच."

"तुळशीची चुलत बहीण आहे, नाना."

"मग बहिणीला वेगळा न्याय कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या काठाला हळदीकुंकू लागू लागलं. खोटं कशाला बोलू, या वयात मला त्याचं फार सुख वाटलं.

पण बेसिलचे शेंडे खुडावे लागतात, तरच ती पसरते. सकाळी डब्यांच्या घाईत निशिगंधाला फुरसत नसे. ऑफिसातून येईपर्यंत दिवे लागलेले असत, आणि दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावायचा नाही. सुट्टी फक्त रविवारी, आणि रविवारी तर नाहीच नाही. बिचारी कात्री घेऊन गॅलरीच्या दारातूनच परत जाई. रोप नुसतंच उंच वाढलं, त्याला तुरे आले, खालची पानं पिवळी पडून माझ्यात गळू लागली. ते मरायला टेकलं होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

एका रविवारी ती माझ्यापाशी बसली. "नाना, हे जाणार आता."

"असं नको बोलू. मी रोज पाणी देतो ना."

"आईंच्या तुळशीलाही तुम्ही रोज पाणी द्यायचात. तिच्या मंजिऱ्या कोण खुडायचं?"

नानांनी माझ्यात गळलेलं एक पिवळं पान उचललं. "उषा," ते म्हणाले. "रोज अंघोळ झाली की. मला वाटायचं, देवासाठी तोडते. ती गेल्यावर मी एक पान कुणाला तोडू दिलं नाही. म्हटलं, उसकी निशानी है." त्यांनी निशिगंधाकडे पाहिलं. "म्हणून वाळली का गं ती?"

निशिगंधाने त्यांच्या हातावर हात ठेवला. मग नानांनी रोपाला हात जोडले, त्याची माफी मागितली आणि कात्री तिच्यापुढे धरली.

"आज रविवार आहे, नाना."

"मालूम है. तू काट, मी फांदी धरतो."

सगळे तुरे गेले. दहा-बारा दिवसांत कापलेल्या प्रत्येक जागी दोन-दोन कोंब फुटले. पहिली कोवळी पानं नानांनी पोह्यांवर घातली, "चलता है" म्हणाले आणि दुसरी बशी मागून घेतली.

मित्रांनो, उषाताईंनी मला रोज राबवलं आणि रोज घासलं, म्हणून मी इतका टिकलो. तुमच्या घरातही कुणाची आठवण म्हणून काही जपलं असेल, तर त्याला हात लावा, त्याला कामाला घ्या.

हळदीकुंकू मला अजूनही लागतं. दर रविवारी दोघं येतात. नाना आधी हात जोडतात, मग चष्मा सावरून विचारतात, "कुठून काटू, बेटा?"