खुर्च्यांची अदलाबदल

तीस वर्षं मी तत्त्वज्ञान शिकवलं आणि माझं स्वतःचं मत एकाही विद्यार्थ्याला कळू दिलं नाही. केवढा गर्व होता मला त्याचा! वर्गात वाद रंगला की मी टाळी वाजवायचो, ‘खुर्च्या बदला!’ ज्यानं त्यानं उठून समोर बसायचं आणि विरुद्ध बाजू मांडायची, तीही मन लावून. पोरं वैतागायची. मी खिडकीत बसून मजा बघायचो.

दारात ग्रंथपाल उभा असायचा, माझ्यासाठी काढलेलं पुस्तक काखेत धरून. कॉलेजातला माझा एकुलता एक मित्र. “तुझं आपलं कायम दोन्ही डगरींवर हात,” म्हणून चिडवायचा. पण खुर्च्यांचा खेळ त्याला फार आवडायचा.

मग ग्रंथालयाच्या कपाटातली अकरा जुनी पुस्तकं नाहीशी झाली. किल्ली त्याच्याकडे, म्हणून आळही त्याच्यावर. चौकशी समितीत माझं नाव आलं. मित्र म्हणून मी नकार द्यायला हवा होता, पण ‘तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस कुठे मिळणार?’ म्हटल्यावर गडी खूश.

समितीत आम्ही तिघं. एकानं चिठ्ठीवर ‘दोषी’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘निर्दोष’. तो चोर नाही याची मला खात्री होती. पण पुरावा नव्हता, आणि मित्राला वाचवलं असं लोक म्हणाले असते. मी लिहिलं, ‘तटस्थ’. बरोबरी झाली की निर्णय प्राचार्यांचा, आणि प्राचार्यांच्या मनात काय आहे ते शिपायालाही ठाऊक होतं. माझ्या मित्राची नोकरी गेली. दोन्ही बाजू ऐकेपर्यंत मधे उभं राहावं, हे ठीकच. ऐकून झाल्यावरही तिथेच उभं राहणं हा निव्वळ भित्रेपणा, आणि तो मी केला.

चार वर्षं त्याच्या घरी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? गेलो ते तो वारल्यावरच.

खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या होत्या. “बसा, सर,” वहिनी म्हणाल्या. इतकी वर्षं मी त्यांचा ‘भावोजी’ होतो. मी जवळच्या खुर्चीत बसलो.

“तो निर्दोष होता, हे मला माहीत होतं,” मी म्हणालो.

“तुम्हाला माहीत होतं, हे त्यांनाही माहीत होतं.” त्या उभ्याच होत्या. “मी तुम्हाला शिव्या घालायचे. मग ते तुम्ही बसलात त्या खुर्चीत बसून तुमची बाजू मांडायचे. पुरावा नसताना तो कसा बोलणार, मित्राचा पक्ष कसा घेणार... इतकं छान बोलायचे की मीच गप्प व्हायचे. रोज संध्याकाळी.”

“आणि त्याची स्वतःची बाजू?”

“ती मी मांडायचे, पण उभ्यानं. समोरच्या खुर्चीत मला बसू द्यायचे नाहीत. म्हणायचे, मी त्याच्या जागी बसलोय, म्हणजे समोरची माझी जागा आता त्याची. नियम त्याचाच आहे. येईल तो.”

मी उठलो, समोरच्या खुर्चीत जाऊन बसलो. “किल्ली हातात असली म्हणून माणूस चोर ठरत नाही,” मी सुरुवात केली. मग जे जे चौकशीत बोलायचं होतं, ते सगळं बोललो.

वहिनींनी मला अडवलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्यांनी टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला.

“उशीर केलात हो, भावोजी,” त्या म्हणाल्या.